परवान्याची बंदूक आणि दुसरं रजिस्टर

तीस-बत्तीस वर्षं मी पेणच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. तेवढ्या काळात माझ्या दादाने माझ्या विषयाची चौकशी एकदाच केली होती. "बाय, तुझ्या त्या शास्त्रात डुकरं कधी येतील ते कळतं काय?" मी नाही म्हटलं. "मंग ऱ्हाऊ दे," म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला. म्हणून निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्याचा फोन आला आणि "तुझ्या विषयातलं काम हाय, ये" असं तो म्हणाला, तेव्हा मी भांडी घासायची तशीच ठेवून ऐकत उभी राहिले.

माझं माहेर रोह्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. गावाची भातशेती रानाला लागून आहे. भात निसवलं, लोंबी बाहेर आली की रानडुकरं येतात आणि एका फेरीत खाचर असं करून जातात की गुरं बसली होती म्हणावं. भातामागून वाल येतो, त्यालाही ती सोडत नाहीत. त्यासाठी आमच्या आजोबांच्या वेळेपासून घरात एक बंदूक होती, एका नळीची. परवाना शेतीसंरक्षणाचा. आजोबांनंतर वडील आणि वडिलांनंतर दादा, असा तो परवाना चालत आला. बंदुकीचं काम बहुतेक वेळा आवाज काढण्याचं. बार निघाला की डुकरं चार-पाच दिवस फिरकत नाहीत. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर आणायची. गावात अशा आणखी काही बंदुका होत्या. कोणाच्या घरी बंदूक आहे हे सगळ्यांना माहीत असायचं, जसं कोणाच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं ते माहीत असतं.

दादाने फोनवर सांगितलं ते असं. परवान्याचं नूतनीकरण करायला तो रोह्याला गेला होता. तिथे त्याला कळलं की शेतीसंरक्षणाचे परवाने यापुढे नवे करूच नयेत, बंदुका जमा करून घ्याव्यात, असा एक प्रस्ताव वर विचारात आहे. कोणाला हरकत असेल तर लेखी द्यावी, नंतर सुनावणी होईल.

"कारण काय सांगतात?" मी विचारलं.

"कायदा-सुव्यवस्था. बंदुकीनं गुन्हं होतात म्हणं. आमच्या बंदुकीनं कुठला गुन्हा झाला ते त्यांनीच दाखवावा. नायतर तू काढ. आकडं काढणं तुझं काम ना?"

दुसऱ्या दिवशी मी पेणच्या रामवाडी स्टँडवरून एसटी पकडली आणि रोह्यामार्गे गाव गाठलं.

दादाच्या ओटीवर परवानेवाले जमले होते. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. त्यांच्यात एक चाचा होते. आखातात वीस वर्षं काढून परत आलेले, आता कलिंगडं आणि भाजी करणारे. माझ्या वडिलांचे ते स्नेही. बोलायचे कमी, आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली की बाकीचे थांबायचे. एकाने मोबाइलवर आलेला लांबलचक मजकूर मला वाचून दाखवला. अमेरिकेत रायफलींवर बंदी घालायची की नाही यावरून तिकडे वाद चालतो, त्यातले आकडे होते. रायफलीने किती मरतात, सुरीने किती, हातोड्याने किती.

"हे टाकू या अर्जात," तो म्हणाला. "जबरदस्त हाय."

"टाकू नका," मी म्हटलं. "त्या रायफली वेगळ्या, तो देश वेगळा. साहेब विचारतील, तुमच्या तालुक्याचं काय? मग तुम्ही काय दाखवणार?"

"आपलं काय ते आपण बघू," चाचा म्हणाले. "कागदाला कागद. बाई, तुम्ही सांगा काय काय लागेल."

मला फार बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. आयुष्यभर मी मुलांना सांगत आले की आकडा हा भांडणातला साक्षीदार असतो. पण माझ्या गावात, माझ्या ओटीवर, माझ्या भावाच्या देखत तो साक्षीदार मला कोणी आणायला सांगितला नव्हता. मी वहीत लिहून घेतलं. तालुक्यातले मारामारीचे, दुखापतीचे, खुनाचे गुन्हे. त्यात वापरलेलं हत्यार. हत्यार बंदूक असेल तर ती परवान्याची की बिनपरवान्याची. त्याच आठवड्यात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकला.

उत्तर आलं ते माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर आणि माझ्या अपेक्षेपेक्षा छोटं. मागितलेली माहिती अशा स्वरूपात संकलित केलेली नाही. अभिलेखाची पाहणी करायची असल्यास कार्यालयीन वेळेत करता येईल.

याचा अर्थ दादाला समजावून सांगायला वेळ लागला. "म्हणजे त्यांना ठाऊकच नाय?" तो म्हणाला. "ठाऊक नाय, आणि बंदी घालायला निघाले?"

"तसं नाही. त्यांच्या नोंदी कलमाप्रमाणे असतात. कोणत्या हत्याराने केलं ते आत, मजकुरात असतं. ते एकेक वाचून वेगळं काढावं लागेल."

"मंग काढ."

रोह्याच्या पोलीस ठाण्यात रजिस्टर दाखवायला जी हवालदार बाई बसली होती ती मला पाहून उभी राहिली. "बाई, तुम्ही?" ती माझी विद्यार्थिनी निघाली. बारावीला संख्याशास्त्रात कशीबशी पास झालेली, हे तिनेच हसत सांगितलं. तिने मला खिडकीजवळचं टेबल दिलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि रजिस्टरांचा ढीग समोर ठेवला. नावं-पत्ते लिहून घ्यायचे नाहीत, फक्त मोजायचं, असं बजावलं. मला नावं नकोच होती.

अशी मी कितीतरी दुपारी तिथे बसले. सकाळच्या एसटीने पेणहून यायचं, दुपारी डबा खायचा, धाटावच्या कारखान्यांची दुसरी पाळी सुरू होऊन रस्ता मोकळा झाला की परत निघायचं. वहीत रकाने आखले होते: काठी, कोयता, दगड, हातपाय, इतर, परवान्याची बंदूक, बिनपरवान्याची बंदूक. पहिल्या दिवशी मी घाबरत घाबरत वाचलं. नंतर माणसाला सवय होते. बांधावरून काठी. पाण्याच्या पाइपवरून दगड. लग्नाच्या मिरवणुकीत खुर्ची. भावाने भावाला फळी मारलेली. एका ठिकाणी सासूने सुनेला मारलं होतं ते नारळाने, आणि तो नारळ मी 'इतर'मध्ये टाकला. माणसाच्या हाताला रागाच्या क्षणी जे लागतं ते तो उचलतो, आणि आमच्याकडे ते बहुधा काठी किंवा कोयता असतं.

मोजून काय आलं ते आकडे मी इथे लिहीत नाही. ते त्या ठाण्याचे आणि मी पाहिलेल्या तेवढ्याच वर्षांचे होते. त्या कागदाबाहेर काढले तर माणसं त्यांचा भलताच अर्थ लावतील. एवढं सांगते की परवान्याच्या बंदुकीचा रकाना पाहून दादाला जे वाटलं असतं तेच मला वाटलं. आपण जिंकलो.

अर्ज मी तीन रात्री बसून नाही, एका सकाळी लिहिला, कारण तो माझ्या डोक्यात तयारच होता. साडेतीन पानं आणि एक तक्ता. भाषा थंड ठेवली. शेवटी लिहिलं की उपलब्ध नोंदींवरून परवानाधारक शेतकऱ्यांच्या बंदुकांमुळे तालुक्यातील सुव्यवस्थेला धोका असल्याचं दिसत नाही. सबब प्रस्तावाचा फेरविचार व्हावा. तो ओटीवर वाचून दाखवला. मग एकाने टाळी वाजवली आणि पाठोपाठ बाकीच्यांनीही. दादाने वाजवली नाही, पण मोठ्या वहिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, हाक मारून सगळ्यांना दुसऱ्यांदा चहा करायला सांगितला.

आता सह्या. परवानेवाल्यांच्या झाल्या. दादा म्हणाला, "नुकसान झालेल्यांच्या पन घेऊ. धाकट्याच्या घरची घे. तिच्या शेताचं सगळ्यात वाटोळं झालंय."

धाकटा म्हणजे आमचा चुलतभाऊ. दादापेक्षा लहान आणि माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याचं घर आमच्या घराला लागून, मध्ये फक्त एक कुडाचं कुंपण. त्याच्याकडेही त्याच्या वडिलांकडून आलेली बंदूक होती. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका पहाटे, उजाडता उजाडता, भरलेली बंदूक घेऊन बांध ओलांडताना तो घसरला आणि बार निघाला. रोह्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता. मला पेणला निरोप आला तेव्हा मी परीक्षेचे पेपर तपासत होते. त्याची बंदूक पोलिसांनी नेली. पुढे, चौकशी संपल्यावर, त्याच्या बायकोने, म्हणजे धाकट्या वहिनीने, ती परत मागितलीच नाही. तिने शेती मात्र सोडली नाही. धाटावच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सकाळपाळीला जायची, दुपारी येऊन शेतात उतरायची. बांधावर जुन्या साड्या बांधायच्या, रिकामे डबे टांगायचे, फटाके लावायचे. दरवर्षी तिचं अर्धं पीक डुकरं नेत.

मी अर्ज घेऊन गेले तेव्हा ती वाल सोलत बसली होती. मीही बसले आणि सोलायला लागले. तिला अक्षरओळख होती, पण लांब वाचायचा कंटाळा. "तुमीच वाचा वन्सं," म्हणाली.

मी वाचला. ती मध्येच एकदा "व्हय" म्हणाली, डुकरांच्या नुकसानीचा परिच्छेद आला तेव्हा. तक्त्याशी आले आणि काठी, कोयता, दगड असं वाचत गेले. वाचून झाल्यावर ती सोलत राहिली.

"ह्यात तुमचा भाव कुठं हाय?" तिने विचारलं.

मला आधी कळलंच नाही. "कोण भाऊ?"

"माजा माणूस. तो कुठल्या रकान्यात हाय?"

मी तिला शिकवायला लागले. हो, खरंच, वर्गात शिकवतात तसं. म्हटलं, वहिनी, हे गुन्ह्यांचं रजिस्टर आहे. एकाने दुसऱ्याला मुद्दाम काही केलं तर तो गुन्हा. त्याचं झालं ते अपघाताने. त्याची नोंद वेगळीकडे असते. प्रस्तावात गुन्ह्यांबद्दल म्हटलंय, म्हणून आपण गुन्हेच मोजले.

तिने ऐकून घेतलं. "म्हंजे तो मेला ते मोजण्यात येत नाय."

"या मोजण्यात येत नाही."

"दुसऱ्या मोजण्यात येतो?"

"येतो."

"मंग ते का नाय मोजलं?"

हा प्रश्न मी मुलांना पेपरात घातला असता. सामग्री कोणत्या स्रोतातून घेतली आणि कोणता स्रोत सोडला, कारण सांगा. पाच गुण. मला उत्तर येत नव्हतं असं नाही. उत्तर असं होतं की ते मोजलं असतं तर आमची बाजू लंगडी पडली असती, आणि मी ते ठरवून केलं नव्हतं, पण मला आठवलंही नव्हतं. माझ्या स्वतःच्या चुलतभावाचं मरण मला त्या टेबलाशी बसून एकदाही आठवलं नव्हतं.

"सही करू काय?" तिने विचारलं. "कराया हरकत नाय. डुकरं येतात ते खरं हाय."

"आत्ता नको," मी म्हटलं. अर्ज घडी करून पिशवीत ठेवला. राहिलेला वाल सोलून झाल्यावरच उठले, कारण लगेच उठायला लाज वाटत होती.

पुढच्या सोमवारी मी पुन्हा ठाण्यात गेले. हवालदार बाईला वाटलं काम संपलं म्हणून निरोप घ्यायला आले. मी म्हटलं, "अकस्मात मृत्यूचं रजिस्टर बघायचंय."

"ते कशाला बाई? ते तुमच्या अर्जात नव्हतं."

"नव्हतं. चूक झाली."

तिने नवा अर्ज लिहून घेतला, साहेबांना विचारून आली आणि ते रजिस्टर आणलं. गुन्ह्याच्या रजिस्टरापेक्षा हे वाचायला कठीण. इथे कोणी कोणाशी भांडलेलं नसतं. विहिरीत पडणं, सर्पदंश, विजेचा धक्का, नदीत पोहायला गेलेला पाहुणा. त्यांच्यामध्ये बंदुकीच्या नोंदी होत्या. आमची एकटीच नव्हती. साफ करताना निघालेला बार होता. झाडाला टेकवून ठेवलेली बंदूक पडल्याची नोंद होती. आणि एक नोंद अशी होती की ती वाचल्यावर तो अपघात होता की त्या माणसाला जगायचंच नव्हतं, ते कागदावरून ठरवता येईना. मी ती वेगळ्या ओळीत घेतली.

धाकट्याच्या नोंदीत चारच ओळी होत्या. बांध ओलांडत असता पाय घसरून. नाव, वय, वेळ. सोबत असलेल्या इसमाने दिलेल्या खबरीवरून, असं लिहिलं होतं. तो इसम म्हणजे दादा. तो त्या पहाटे शेतावर होता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याने त्याबद्दल घरात कधी एक शब्द काढला नव्हता आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

मी दुसरा तक्ता केला. पहिल्याच्या खाली जोडला आणि अर्जात एक परिच्छेद वाढवला: शेतीसंरक्षणाच्या बंदुकांनी गुन्हे झाल्याचं नोंदींवरून दिसत नाही, तथापि अपघाताने मृत्यू झालेले आहेत, आणि ते बहुतेक बंदूक बाळगणाऱ्याचे स्वतःचेच आहेत.

दादाला मी हे ओटीवर सगळ्यांसमोर सांगितलं नाही. मागच्या पडवीत सांगितलं. त्याने कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि तसाच माझ्याकडे परत दिला.

"तू कुनाच्या बाजूनं हायस?"

"तुझ्या."

"मंग हे काय? आपल्याच हातानं आपल्याच पायावर? त्यांनी इचारलंय काय? नाय ना?"

"उद्या विचारलं तर?"

"इचारलं तर बघू. तू हे काढ. पयला अर्ज बरा होता."

"दादा, त्यात धाकटा नव्हता."

तो उठला. "त्याला कशाला मधी आनतेस?" एवढंच म्हणाला आणि गोठ्याकडे गेला. जेवायला आला नाही. मी संध्याकाळच्या गाडीने पेणला परत आले. पंधरा दिवस त्याचा फोन नाही. मी केला तर मोठी वहिनी उचलायची आणि म्हणायची, शेतावर गेलेत. भरदुपारी बाराला कोण शेतावर जातं?

शेवटी चाचा पेणला आले. त्यांचा भाचा डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर होता, त्याला भेटायला आले होते म्हणे. पण येताना माझ्यासाठी दोन कलिंगडं घेऊन आले म्हणजे यायचं होतं माझ्याकडेच. दोन्ही तक्ते त्यांनी चष्मा लावून वाचले.

"तुमचा भाऊ म्हणतो, बाईने घात केला," ते म्हणाले.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी आखातात स्टोअरवर होतो. मालात एक पेटी फुटलेली निघाली, तर ती आपणच वर ठेवायची. साहेब बघतो, म्हणतो ठीक आहे, बाकीच्या चांगल्या असतील. ती खाली दाबली आणि त्याला सापडली, तर तो सगळ्या पेट्या उघडायला लावतो." त्यांनी चष्मा काढला. "पण हे मी तुमच्या भावाला सांगितलं तर त्याला पटणार नाही. त्याचं दुखणं पेट्यांचं नाही."

कसलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण दोन दिवसांनी दादाचा फोन आला. "कर काय करायचं ते," म्हणाला. "सही करतो. पन तिला इचार. तिचा माणूस हाय, तिनं हो म्हटलं पायजे."

म्हणून मी पुन्हा धाकट्या वहिनीकडे गेले. दुसरा तक्ता वाचून दाखवला. 'बांध ओलांडत असता' या ओळीशी तिने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "नुसतं मेले म्हणून लिवून काय उपेग? काय करायला पायजे ते पन लिवा ना."

"काय लिहू?"

आणि तिने सांगितलं, न थांबता, जणू इतकी वर्षं पाठ करून ठेवलं होतं. चालताना बंदुकीत काडतूस नसावं. बांध ओलांडताना नळी उघडलेली पाहिजे. बंदूक जुनी असंल तर दरसाल कुणी जाणत्यानं तपासावी. बापाची बंदूक मुलाच्या नावावर होताना मुलाला ती चालवाया येते काय ते बघावं, नुसता कागद बघू नये. "ह्यांच्या बाच्या वेळची होती ती," ती म्हणाली. "घोडा सैल झालेला. मी सांगायची, रोह्याला नेऊन दाखवा. म्हणायचे, भात झाल्यावर नेतो."

मी तिच्या शब्दांत थोडा फरक करून ते सगळं अर्जात घातलं. तिने सही केली. सावकाश, पूर्ण नाव.

सुनावणी रोह्याला झाली, एका लांबट खोलीत. आमच्यासारखी आणखी दोन-तीन गावांची माणसं होती. अधिकारी तरुण होता. अर्ज त्याने आधीच वाचलेला दिसत होता, कारण पानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्याने मला विचारलं, "पहिला तक्ता तुमच्या बाजूचा आहे. दुसरा कशाला जोडलात? आम्ही मागितला नव्हता."

"पहिला एकटाच दिला असता तर तो खरा असूनही फसवा झाला असता," मी म्हटलं. "आणि दुसरा आमच्या घरचाच आहे, साहेब. त्यातली एक ओळ."

त्याने मान वर केली. मी वहिनीकडे हात केला. ती मागच्या खुर्चीवर, कॅन्टीनच्या गणवेशातच बसली होती. अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती.

"ताई, तुम्हाला काय वाटतं?" त्याने विचारलं. "बंदुका काढून घ्याव्यात की नाही?"

ती उभी राहिली. पदर नव्हता, तरी हात सवयीने खांद्याकडे गेला. "माला बंदूक नको," ती म्हणाली. "माज्या घरात मी येऊ द्यायची नाय. पन ह्यांच्या काढून तुमी काय देनार? डुकरं तर येनारच. माज्या शेतात येतात, मी बघते ना. कुंपन देताव काय? देनार असाल तर काढा." मग जराशाने म्हणाली, "आनि नाय काढल्या तर नीट वापराया शिकवा. ते कुनीच शिकवत नाय. बापाचं बघून पोर शिकतो, आनि बाप चुकीचं शिकलेला असतो."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. माझ्या तक्त्यांवर त्याने पुढे एकही प्रश्न विचारला नाही. तीस वर्षांच्या नोकरीनंतर मला याचं वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

तो प्रस्ताव पुढे मंजूर झाला नाही आणि फेटाळलाही गेला नाही. तो अजून कुठेतरी आहे असं म्हणतात. त्या वर्षी आमच्या गावचे परवाने नवे झाले, पण एक अट घालून: बंदूक तपासून घेतल्याचा दाखला जोडायचा. दोघांच्या बंदुका तपासणीत नापास झाल्या. त्यातली एक दादाची होती. आजोबांच्या वेळची नळी आतून खाल्ली गेली होती.

ती तपासून घ्यायला मी त्याच्याबरोबर गेले होते. परत येताना आम्ही रोह्याच्या स्टँडवर बाकावर बसलो. गाडीला वेळ होता. त्याने दोन चहा सांगितले आणि आपला तसाच हातात धरून बसला.

"त्या दिवशी मी हाक मारली त्याला," तो म्हणाला.

मी माझा चहा बाकावर ठेवला.

"डुकरं माज्या खाचरात होती. त्याच्या नाय. तो आपल्या बांधावर उभा होता. मी म्हटलं, ये लवकर, धाव. तो धावला. बांध ओला होता." त्याने चहाचा घोट घेतला. "पोलिसांना सांगितलं, पाय घसरला. ते खरंच हाय. पन हाक मारली ते नाय सांगितलं. त्यांनी इचारलं नाय."

"मला का सांगतोस?" मी म्हटलं. "तिला सांग."

"आता? इतक्या वर्सांनी?"

"आता."

तो तिच्याकडे गेला, त्याच आठवड्यात. कुंपणापलीकडच्या ओटीवर तो किती वेळ बसला, काय बोलला, मला माहीत नाही. पुढच्या महिन्यात मी माहेरी गेले तेव्हा वहिनी शेतावर साड्या बांधत होती. मीही एक टोक धरलं. थोड्या वेळाने तिनेच विषय काढला.

"भावजी येऊन गेले," ती म्हणाली. "रडले."

"काय सांगितलं?"

"तेच. हाक मारली म्हणून." तिने गाठ दाताने आवळली. "माला ठाऊक होतं वन्सं. मी अंगनात होते. त्यांचा आवाज केवढा मोठा, हिथवर ऐकू आला. पन कुनाला सांगून काय करायचं? हाक कोन मारत नाय?"

 एवढी वर्षं ती त्या कुडाच्या पलीकडे राहिली होती, सणाला दादाच्या घरी पोळ्या करायला गेली होती, त्याच्या सुनेच्या डोहाळजेवणात गायली होती.

"त्या कोपऱ्याची धरा," ती म्हणाली. "तिकडनंच शिरतात."

दादाने नवी बंदूक घेतली नाही. परवाना ठेवला आहे. या वर्षी त्याचं आणि तिचं, दोन्ही शेतांना मिळून एक कुंपण घालायचं चाललंय, सौरऊर्जेच्या झटक्याचं. त्यासाठी लागणारा अर्ज मीच लिहिला. त्यात तक्ता नाही, फक्त नकाशा आहे.